अभ्यासक्रम बदलतोय: कोकणातल्या माध्यमिक शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि दक्षिण रायगडातल्या आठवी ते दहावीच्या शिक्षकांसाठी हे पान आहे. मुख्याध्यापक सभेत, पेपर तपासणीच्या केंद्रावर किंवा एसटीची वाट बघताना जे प्रश्न हमखास निघतात, तेच इथे घेतले आहेत. मोठ्या शहरांतल्या शाळांना यातले काही लागू पडणार नाहीत, कारण तिथे एका विषयाला तीन-तीन शिक्षक असतात. आपल्याकडे बहुतेक वेळा एका शिक्षकाकडे तीन विषय असतात.

नेमकं काय बदलतंय? नववी-दहावीची नवी पुस्तकं कधी येणार?

मुळात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 आहे. त्यावरून ऑगस्ट 2023 मध्ये शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, आणि त्यावरून राज्याचा आराखडा पुण्याच्या एससीईआरटीने (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने) तयार केला. पुस्तकं ही या साखळीतली शेवटची कडी. शालेय वर्षांचा आकृतिबंध 5+3+3+4 असा झाल्यामुळे नववी ते बारावी हा एक टप्पा ठरतो आणि आठवी मधल्या टप्प्यात जाते. पाचवी ते दहावीच्या आपल्या हायस्कुलांची त्यामुळे कागदावर तीन टप्प्यांत वाटणी होते: पाचवी एकीकडे, सहावी ते आठवी दुसरीकडे, नववी-दहावी तिसरीकडे.

वर्षांबद्दल सांगायचं तर 16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयात टप्पे दिले होते: 2025-26 ला पहिली, 2026-27 ला दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी, 2027-28 ला पाचवी, सातवी, नववी आणि अकरावी, 2028-29 ला आठवी, दहावी आणि बारावी. पुढे तिसऱ्या भाषेवरून वाद पेटला आणि जून 2025 च्या अखेरीस सरकारने तो निर्णय मागे घेतला. म्हणून हे वेळापत्रक अंदाजासाठी ठीक आहे, भिंतीवर चिकटवण्यासाठी नाही. आपल्या इयत्तेचं परिपत्रक हातात पडेपर्यंत जुन्या पुस्तकाचंच वार्षिक नियोजन करा. ग्रुपवर फिरणारी पीडीएफ आणि परिपत्रक यातला फरक आवक क्रमांक आणि सही बघितली की कळतो.

सीबीएसई पॅटर्न येणार म्हणजे राज्य मंडळ बंद होणार का?

नाही. दहावीची परीक्षा राज्य मंडळच घेणार, पुस्तकं बालभारतीच काढणार. राष्ट्रीय आराखड्याशी जुळवून घेतलेला अभ्यासक्रम एवढाच त्याचा अर्थ. गावातले पालक आणि गणपतीला आलेले मुंबईकर हा प्रश्न विचारतात, तेव्हा दोन वाक्यांत सांगून मोकळे व्हा.

नववी आधी बदलणार आणि आठवी नंतर, यात अडचण काय?

अडचण मोठी आहे, आणि तिच्याबद्दल बोललं मात्र फारच कमी जातं.

वरचे टप्पे तसेच राहिले असं धरून हिशेब करून बघा. 2027-28 ला नववीत येणारा मुलगा जुनी आठवी शिकून आलेला असेल. 2028-29 ला नववीत येणाराही जुनीच आठवी शिकलेला असेल, कारण आठवीचं नवं पुस्तक त्याच वर्षी येतंय. म्हणजे नव्या नववीच्या पहिल्या दोन तुकड्या जुन्या पायावर उभ्या. नवी आठवी शिकलेली पहिली तुकडी नववीत पोचेल 2029-30 मध्ये.

इतिहास-भूगोलाला याचा फारसा चटका बसत नाही. गणित, विज्ञान आणि इंग्रजीला बसतो. नवं नववीचं पुस्तक जे आठवीत झालं असं गृहीत धरेल, ते झालेलं नसेल. मागे 2017-18 ला नववी बदलली तेव्हाही असाच खड्डा पडला होता आणि तो शिक्षकांनी जूनच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गुपचूप भरला. तो वेळ कुठल्याही नियोजनात नव्हता.

यावर आत्ताच करण्यासारखं एक काम आहे. नव्या नववीचा अभ्यासक्रम जाहीर झाला की, पुस्तक यायच्याही आधी, त्याच्या शेजारी जुनी आठवी ठेवून गाळलेल्या संकल्पनांची यादी काढा. तालुक्यातले चार गणित शिक्षक एकत्र बसले तर एका दुपारी होते. तीच यादी तुमचा सेतू अभ्यास. वरून सेतूची पुस्तिका आली तर उत्तमच, पण ती ऑगस्टमध्ये पोचते असा अनेकांचा अनुभव आहे.

पुस्तक बदललं की माझं काम नक्की कुठे वाढतं?

शिकवण्यात कमी, बाकीच्यात जास्त. नवी टाचणं (पाठाच्या पूर्वतयारीच्या नोंदी), नवं घटक नियोजन, नव्या आराखड्याच्या घटक चाचण्या, प्रश्नपत्रिकेचा नवा संविधान तक्ता (कुठल्या घटकाला किती गुण याचा आराखडा), अंतर्गत मूल्यमापनाच्या नव्या नोंदी. ज्याच्याकडे एकच विषय आहे त्याला हे एकदाच करावं लागतं. ज्याच्याकडे आठवी-नववी-दहावीचं गणित, विज्ञानाचे दोन्ही भाग आणि वर आठवीची वर्गशिक्षकी आहे, त्याला पाच-सहा वेळा.

आणि हे सगळं यूडायस प्लसवर शाळेची माहिती भरणं, मुलांचे अपार आयडी (विद्यार्थी ओळख क्रमांक) काढणं, पॅट (नियतकालिक मूल्यांकन) चाचण्यांचे गुण भरणं आणि निवडणुकीची कामं चालू असतानाच. पाठ नवीन आहे म्हणून कोणी बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामातून सवलत देत नाही. अभ्यासक्रम बदलाचा खरा भार पुस्तकात सापडत नाही. तो वेळापत्रकात आणि संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होतात त्या कागदात, सापडतो. म्हणून कुठलंही नवं परिपत्रक आलं की ‘यात काय शिकवायचं’ याआधी ‘याला तासिका किती आणि शिक्षक कोण’ हे शोधा. बऱ्याचदा त्या रकान्यात काहीच नसतं.

मागच्या बदलातून काय कळलं?

2017-18 ला नववी आणि 2018-19 ला दहावी बदलली. तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली इतिहासाची. दहावीच्या पुस्तकातून घटनांचा क्रम गेला आणि इतिहासलेखन, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, पर्यटन, ठेव्यांचं जतन असे पाठ आले. आयुष्यभर पेशवाई आणि स्वातंत्र्यलढा रंगवून सांगणाऱ्या सरांना पहिल्याच पाठात व्हॉल्टेअर, रांके, हेगेल आणि फूको शिकवायची वेळ आली. ज्यांनी नावं पाठ करून घेतली त्यांचे तास कोरडे गेले. ज्यांनी गावच्या देवळाचा ताम्रपट, खोतीचे जुने कागद, आजीच्या ओव्या वर्गात आणून ‘हे साधन कुठल्या प्रकारचं?’ असं विचारलं, त्यांना हाच पाठ आवडू लागला. कोकणात तर साधनांची वाण नाही. इथल्या सड्यांवरची (कातळाच्या माळांवरची) कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, आणि सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी, रायगड हे जुलै 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठा किल्ल्यांत आहेत. देवगड-मालवणच्या मुलाला ‘ठेव्यांचं जतन’ शिकवायला पुस्तकातल्या चित्राची गरज नाही.

दुसरी भाषेची. जुन्या प्रश्नपत्रिकेऐवजी कृतींवर बेतलेली कृतिपत्रिका आली, आणि ‘थोडक्यात उत्तरे लिहा’च्या वह्या एका उन्हाळ्यात निकामी झाल्या. स्वमत कसं तपासायचं यावर पेपर तपासणीच्या केंद्रांवर बराच खल झाला. एका परीक्षकाचे तीन गुण दुसऱ्याकडे दीड होत होते. नमुना उत्तराच्या बाहेर पण बरोबर लिहिलेल्या मुलाला गुण द्यायची सवय लागायला शिक्षकांनाच वेळ लागला.

तिसरी गोष्ट गुणांची. 2018-19 ला दहावीत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत 20 गुण काढून पूर्ण 100 गुणांची लेखी परीक्षा झाली. मार्च 2019 चा राज्याचा निकाल 77.10 टक्के लागला, आदल्या वर्षी तो 89.41 होता. कोकण मंडळ तेव्हाही पहिलंच होतं, पण 96 वरून 88.38 वर आलं. ऑगस्ट 2019 मध्ये 80-20 (80 लेखी, 20 अंतर्गत) परत आलं. एका तुकडीवर झालेला हा प्रयोग होता आणि त्याची किंमत त्या तुकडीने दिली. त्या काळात ‘सर, तुमचा निकाल का घसरला?’ असा जाब शाळा समितीने विचारला तो मात्र शिक्षकांना.

म्हणजे बदल परतही फिरतात. मग इतक्या घाईने सगळं बदलायचं कशाला?

बदला, पण टप्प्याने. 80-20 परत आलं. पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पानं घालायचा निर्णय 2023-24 ला आला आणि दोन वर्षांत गेला. भाषेचा निर्णय एप्रिलचा जूनमध्ये गेला. हे बघितलेल्या शिक्षकाने पहिल्याच वर्षी संपूर्ण टाचणं सुंदर अक्षरात नव्याने लिहून काढू नयेत. पहिल्या वर्षी सुटी पानं ठेवा, समासात खुणा करा, दुसऱ्या वर्षी पक्कं करा. तपासणीला आलेले अधिकारी नाक मुरडतील, तेव्हा मुलांच्या वह्या पुढे करा.

दहावीच्या गणितात जीएसटीचे दर जुने आहेत. काय शिकवायचं?

हा प्रश्न 22 सप्टेंबर 2025 नंतर प्रत्येक बीजगणित शिक्षकाला पडला आहे. ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण 2018 च्या पुस्तकात आलं तेव्हा कर लागू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि बहुतेक शिक्षकांना तो स्वतःच शिकून घ्यावा लागला. आता 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे गेले, पण पुस्तकातल्या उदाहरणांत ते आहेत.

परीक्षेपुरतं उत्तर सोपं आहे. दर प्रश्नातच दिलेला असतो, मुलाने तोच घ्यायचा. केंद्राचा निम्मा, राज्याचा निम्मा, ही रीत बदललेली नाही. पण वर्गात मी म्हणेन बिलं आणायला सांगा. बाजारपेठेतल्या मेडिकलचं, हार्डवेअरचं, मोबाईल रिचार्जचं. एका वर्गात वीस-पंचवीस बिलं जमतात. मुलं आधी जीएसटी क्रमांक शोधतात, मग सीजीएसटी आणि एसजीएसटी सारखेच आहेत का ते बघतात, आणि मग कोणीतरी हमखास असं बिल काढतं ज्यावर करच नाही, क्रमांकही नाही, नुसती रक्कम आणि ‘धन्यवाद’. त्या बिलावर जो अर्धा तास जातो तो पुस्तकातल्या दहा उदाहरणांपेक्षा जास्त शिकवतो. दुकानदाराचं नाव मात्र आधी झाकायला सांगा. गाव लहान असतो.

व्यवसाय शिक्षण हा स्वतंत्र विषय होणार म्हणतात. तो कोण शिकवणार?

राष्ट्रीय आराखड्यात नववी-दहावीला कला, शारीरिक शिक्षण आणि व्यवसाय शिक्षण हे भाषा-गणिताच्या बरोबरीचे विषय मानले आहेत. शिवाय आंतरविद्याशाखीय विषय आहे. ऐकायला छान आहे. पण ज्या शाळेत कलाशिक्षकाचं पद कित्येक वर्षं रिकामं आहे, तिथे हा विषय ‘ज्याचे तास कमी आहेत त्याच्याकडे’ जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

व्यवसाय शिक्षणात कामाचे तीन प्रकार मानले आहेत: सजीवांशी संबंधित, यंत्र-साहित्याशी संबंधित आणि मानवी सेवांशी संबंधित. कोकणात तिन्हींची ददात नाही. आंबा-काजूची कलमं, होडीचं इंजिन आणि पाण्याचा पंप, निवास-न्याहारी. दापोलीचं कृषी विद्यापीठ 1972 पासून इथेच आहे, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र त्याहून जुनं.

कलमांचंच घ्या. कोय कलम पावसाळ्यात बांधतात. कोय रुजून तांबूस, कोवळ्या पानांचं रोप आलं की ते छाटून त्यात पाचरीसारखा काप घ्यायचा, हापूसची तितक्याच जाडीची काडी तासून बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. पट्टीतून पाणी शिरलं की कलम गेलं. हे नववीची मुलगी एका दुपारी शिकते, आणि किती जगली, किती मेली, का मेली याची वही ठेवली की निरीक्षण, टक्केवारी आणि जीवशास्त्र तिन्ही होतं. अडचण एवढीच की कलमांचा हंगाम जून-जुलै-ऑगस्ट, आणि तेव्हा शाळेत प्रवेश, पुस्तकवाटप आणि सेतू चालू असतो. व्यवसाय शिक्षणाचा कार्यक्रम वरून ‘दुसऱ्या सत्रात’ असा आला तर कोकणात तो नुसता वहीतला राहील. म्हणून शाळेने आपलं वेळापत्रक स्वतः ठरवायची मुभा मागून घ्यावी, आणि तसा ठराव शाळा समितीत लेखी करावा.

धोरणात स्थानिक जाणकारांना शिकवायला बोलावण्याची सोय आहे. गावातला कलमं बांधणारा आनंदाने येईल. पण हंगामात त्याचा दिवस मोलाचा असतो, त्याला फुकट राबवू नका. मानधन कुठून द्यायचं हा प्रश्न मुख्याध्यापकांनी वर लेखी विचारावा.

नवीन विषय आले तर माझे तास कमी होऊन मी अतिरिक्त ठरेन का?

नुसत्या अभ्यासक्रमामुळे पद जात नाही, पद जातं पटामुळे. पण दोन्ही एकाच वर्षी आले की शिक्षकाला ते एकच वाटतं, आणि ते स्वाभाविक आहे. संचमान्यतेचे निकष 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने बदलले, आणि कमी पटाच्या शाळांना त्याचा फटका बसतो म्हणून शिक्षक संघटना विरोध करत आल्या आहेत. आपल्याकडे घरटी एक माणूस मुंबईत. मुलं तिकडे गेली की वर्ग ओस पडतात. नववीत अठरा मुलं असलेली शाळा वाईट शिकवते म्हणून लहान राहिलेली नसते.

काळजी करण्यापेक्षा तीन कागद तपासा. सेवाज्येष्ठता यादीतला तुमचा क्रमांक आणि प्रवर्ग, मान्यतेच्या आदेशातला तुमचा विषय, आणि मंजूर वेळापत्रकात तुमच्या नावावर प्रत्यक्ष दाखवलेला कार्यभार. तिसऱ्यात घोळ जास्त असतो. तुम्ही विज्ञान शिकवता आणि कागदावर ते दुसऱ्याच्या नावावर आहे, असं समायोजनाच्या वेळी (अतिरिक्त शिक्षकांना दुसऱ्या शाळेत पाठवताना) कळून उपयोग नसतो. नवा विषय घेतलात तर तोही कागदावर चढवून घ्या.

टीईटीबद्दलचा (शिक्षक पात्रता परीक्षेबद्दलचा) न्यायालयाचा निकाल आम्हा माध्यमिकवाल्यांना लागू आहे का?

नववी-दहावीच शिकवत असाल तर नाही. पण सर्वोच्च न्यायालयाचा 1 सप्टेंबर 2025 चा निकाल पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांबद्दल आहे, आणि हायस्कूलमध्ये पाचवी ते आठवीच्या पदावर मान्यता असलेले पुष्कळ जण आहेत. त्यांना निकालापासून दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना सेवेत राहता येईल, पण पदोन्नती हवी असेल तर परीक्षा द्यावीच लागेल. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे सोपवला आहे, त्यामुळे रत्नागिरी-रायगडातल्या उर्दू शाळांनी आपल्या संस्थेचा दर्जा आधी बघावा. मान्यतेचा आदेश काढा, त्यावर कुठलं पद लिहिलंय ते वाचा, मग घाबरा किंवा घाबरू नका.

प्रशिक्षणातून खरंच काही मिळतं का?

तज्ज्ञ मार्गदर्शक कोण आहे यावर आहे. धोरणात वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. त्यातले बरेचसे ऑनलाइन उरकले जातात. व्हिडिओ एका खिडकीत चालू आणि शिक्षक दुसऱ्या खिडकीत शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली) उघडून बसलेला, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचं आहे. त्यातही जिथे मोबाईलला रेंज फक्त सड्यावर मिळते तिथे काय डोंबल ऑनलाइन.

प्रत्यक्ष प्रशिक्षणाला मात्र जाच. मंडणगड किंवा दोडामार्गहून जिल्ह्याच्या ठिकाणी जायला पहाटेची गाडी धरावी लागते हे खरं, पण तिथे प्रश्नपत्रिकेचा आराखडा पहिल्यांदा कळतो आणि शेजारच्या तालुक्यातले विषय शिक्षक भेटतात. जाताना प्रश्न लिहून न्या. ‘या घटकाला किती गुण, किती तासिका, प्रात्यक्षिकाचं साहित्य कुठून?’ एवढे तीन विचारले तरी सभागृह जागं होतं.

कोकण बोर्ड दरवर्षी पहिलं येतं. मग आम्हाला बदलायची गरज काय?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून झालेलं हे विभागीय मंडळ दहावीत सातत्याने अव्वल आहे. 2025 ला 98.82 टक्के, राज्याचा 94.10. अभिमान वाटावा असंच आहे. पण आकड्याच्या आड एक गोष्ट लपते. नवा आराखडा पाठांतरापेक्षा उपयोजनावर गुण देऊ म्हणतो, आणि आपल्याकडचा निकाल बराचसा जादा तास, सराव पेपर आणि वर्गात नियमित येणारी मुलं यांच्यावर उभा आहे. नियमितपणा नव्या परीक्षेतही उपयोगी पडेल. सराव पेपरचे गठ्ठे पडतीलच असं नाही. माझा अंदाज, पहिल्या एक-दोन वर्षांत आपलाही निकाल हलेल. शाळा समितीला हे आत्ताच सांगून ठेवा, निकालानंतर सांगितलं की ती सबब वाटते.

समग्र प्रगती पत्रक म्हणजे आणखी एक फॉर्म का?

भरण्याच्या पद्धतीवर ते फॉर्म होतं की उपयोगाचं, हे ठरेल. त्यात मुलाचं स्वतःचं आणि सोबत्यांचं मूल्यमापनही अपेक्षित आहे. साठ मुलांच्या वर्गात ते अवघड, पंधरा-वीसच्या वर्गात शक्य. लहान शाळांना फायद्याच्या असलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक.

गणपती, शिमगा आणि रेड अलर्ट धरून पाठ्यक्रम पूर्ण कसा करायचा?

राज्याचं नियोजन पुण्यातल्या पावसावर बेतलेलं असतं. आपल्याकडे जुलैमध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने सुट्ट्या पडतात, पऱ्ह्याला (ओढ्याला) पाणी आलं की अर्धा वर्ग येत नाही आणि गणपतीत शाळा भरवायचा विचारही कोणी करत नाही. जुन्या पुस्तकाला हे अंगवळणी पडलेलं होतं. नव्या पुस्तकाच्या पहिल्या वर्षी प्रथम सत्रात एक प्रकरण कमीच धरा, आणि प्रयोगाचे, क्षेत्रभेटीचे पाठ नोव्हेंबरनंतर घ्या. आत्ताच्या दहावीच्या भूगोलात पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे, आणि त्यातली सहल येते अलिबागच्या किनाऱ्याला. ज्यांच्या शाळेच्या मागेच पुळण आहे त्यांनी जूनमध्ये तो वाचून दाखवावा आणि भेट डिसेंबरात ओहोटी बघून काढावी. पंचांगात भरती-ओहोटीच्या वेळा असतात, नाहीतर कोळीवाड्यातल्या कुठल्याही मुलाला विचारा.

निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत. मी नवं पुस्तक शिकू का?

दहावी नव्याने घ्यायची की नाही हे मुख्याध्यापकांशी बोलून ठरवा. ज्येष्ठ शिक्षकाने जुन्या पुस्तकाची शेवटची तुकडी सांभाळावी आणि तरुणाने नवी नववी घ्यावी, अशी वाटणी पुष्कळ ठिकाणी चांगली चालते. नापास झालेल्या मुलांना जुन्या अभ्यासक्रमाने परीक्षा देण्याची संधी साधारणपणे मिळते, त्यांना शिकवायलाही कोणीतरी लागतंच.

जुनी पुस्तकं, टाचणं, प्रश्नपेढ्या रद्दीत घालायच्या का?

इतक्यात नको. आठवीची जुनी पुस्तकं निदान दहा प्रती कपाटात ठेवा, सेतूला दोन वर्षं लागतील. पीडीएफ आत्ताच पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, ओल कागद खाते. आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते शिपाईमामांना विचारून ठेवा.